परतबाईची फिल्म

३ जानेवारी, शुक्रवार

ही खरं तर बुकिंगची डायरी. पानापानावर लग्न, हळद, साखरपुडा. पण पौष लागलाय, पानं कोरी पडलीत, आणि कोरं पान बघून मला बरं वाटत नाही. म्हणून ठरवलं, काम नसेल त्या दिवशी इथं लिहायचं. लग्नाच्या दिवशी पानावर नवरा-नवरी असतात, माझ्यापुरती जागा उरत नाही.

आज साहिलला फोनवर सांगितलं की मी डॉक्युमेंटरी करतेय. साहिल माझा आतेभाऊ, मुंबईत मालिका एडिट करतो, त्यामुळे त्याला सगळंच कळतं. तो हसला. मोठ्याने नाही, नाकातून. म्हणाला, "समीक्षा, डॉक्युमेंटरी म्हणजे लग्न नव्हे. जे घडतं ते घ्यायचं असतं."

म्हणजे लग्नात काय, घडत नाही? बारा वर्षं मी अष्टमीत, रोह्याच्या नदीपलीकडे, बाबांचा स्टुडिओ चालवतेय. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या कितीतरी पोरींच्या पाठवण्या माझ्या मेमरी कार्डांत आहेत. नवरी रडली आणि माझा फोकस गेला, तर मी म्हणते "परत घ्या", आणि नवरी परत रडते. पहिल्यापेक्षा बरी रडते. हार परत घालतात, अक्षता परत टाकतात, गुरुजीसुद्धा माझ्याकडे बघून थांबतात. रोह्यात मला परतबाई म्हणतात. म्हणू देत. ज्यांच्या लग्नात हार घालतानाचा फोटो हुकला, त्यांना जाऊन विचारा.

विषय मला डिसेंबरात हमरापूरच्या एका हळदीत सापडला. एक पोरगी माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेपुढे उभी राहून त्यावरची इंग्रजी अक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे म्हणत होती. किमया म्हात्रे, बारा वर्षांची, पेणजवळच्या जोह्याची. म्हटलं, हे काय गो? म्हणाली, "प्रॅक्टिस." स्पेलिंगची स्पर्धा असते म्हणे. पोरांना स्टेजवर एकेकटं उभं करतात, एक शब्द देतात, अक्षरं तोंडी सांगायची. चुकला की घंटा वाजते आणि घरी. पेण आणि रोहा तालुक्यांची फेरी रोह्यात, एकोणीस तारखेला. त्यातले पहिले दोन अलिबागला, जिल्ह्याला.

आमच्या घरात इंग्रजीत पास झालेलं मी एकटी, तेही काठावर. बघतेच आता कोण नाकातून हसतं ते.

७ जानेवारी, मंगळवार

जोह्याला दिवसभर. माघी गणपती पहिल्या फेब्रुवारीला, त्यामुळे मूर्तींच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. किमयाची आई नम्रता वहिनी तिथं आखणीला आहे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, सगळ्यात शेवटचं.

किमयाचा अभ्यास तिथंच चालतो. फळ्यांवर शंभरेक गणपती ओळीने बसलेले, रंग झालेला, डोळे नाहीत. त्यांच्यापुढे ही उभी. शाळेचे निकेश सर स्टुलावर बसून शब्द वाचतात, ही अक्षरं सांगते. विचारलं, एवढ्या मूर्तींपुढे का? "स्टेजवर सगळे बघत असतात ना, ताई. ह्यांना अजून डोळे नायत. म्हणून इथून सुरुवात करायची. आई डोळे काढत जाते तसे बघणारे वाढत जातात." असं वाक्य मला शंभर लग्नांत मिळालं नसतं.

तिला दारातून दप्तर घेऊन आत येताना अकरा वेळा घेतलं. कधी उजेड नाही, कधी मधे कुत्रं. पोरगी गुणाची. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. नम्रता वहिनीने सकाळीच बजावलं होतं, "ताई सांगंल तसं करायचं. परत म्हणाली का परत. रोह्यावरनं येते ती आपल्यासाठी." संध्याकाळपर्यंत एवढी तयार झाली की मी नुसतं "प" म्हटलं तरी मागे वळायची.

आई मात्र तिखट. तिने एका मूर्तीचा डोळा काढला, इतकी सुंदर रेघ, आणि माझ्या लेन्सपुढे कोणाचं तरी डोकं आलं. म्हटलं, वहिनी, परत घ्या ना. ब्रश खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "डोळा परत नाय होत. एका दमात काढायचा. आणि चालू असताना हाक मारायची नाय कोणी, पुढच्या वेळेला ध्यानात ठेव." पहिल्याच भेटीत मला अगं-तुगं! आखणीवाली म्हणजे काय महाराणी?

१२ जानेवारी, रविवार

रोह्यात हर्षदच्या घरी शूटिंग, तोही स्पर्धेत आहे. वडील धाटावला कंपनीत, शिफ्टवर. आई ऋतुजाने शब्दांच्या याद्या प्लास्टिकमध्ये घालून न्हाणीघराच्या दारावरसुद्धा चिकटवल्यात. हर्षद हुशार आहे, पण कॅमेऱ्यात सारखा आईकडे बघतो.

दुपारी कर्णिकबाईंकडे परवानगीला गेले. स्पर्धेच्या मंडळाच्या अध्यक्षही त्याच आणि परीक्षकही त्याच. सातवीत ह्याच बाईंनी मला वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केलं होतं. दारात पाऊल ठेवताना हात आपोआप गुडघ्यांकडे जायला लागले.

नियम त्यांनी मला वहीत लिहून घ्यायला लावले. मुलाने आधी शब्द म्हणायचा, मग अक्षरं, मग पुन्हा शब्द. तो शेवटचा शब्द म्हटला की उत्तर बंद. त्याच्या आधी कोणाला पहिल्यापासून सुरुवात करायची असेल तर करता येते, पण मग दुसऱ्या खेपेची अक्षरं धरतात, पहिली नाही. "आणि समीक्षा, तू स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात. तोंडातून हूं की चूं निघता कामा नये."

बाई, मी चौतीस वर्षांची आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. निकेश सरांचा फोन, किमयाची सगळी यादी तोंडपाठ. वर्गातली पोरं आता दुपारच्या सुट्टीत तिच्याभोवती गोळा होऊन शब्द घालतात. पेण तालुक्यातल्या गावच्या शाळेतलं पोर अलिबागला कधी गेलेलं नाही, ही जाईल म्हणतात.

१९ जानेवारी, रविवार

रागातच लिहितेय.

हॉल म्हणजे भट्टी. पंखे घरघरतायत, माइक मधेच कर्र करतोय. मी स्टेजवर डाव्या कोपऱ्यात, किमयापासून दोन हातांवर. सातव्या फेरीत चौघं उरले. किमयाला शब्द आला लेफ्टनंट. पोरीने डोळे मिटले, उघडले, आणि अक्षरं अशी सांगितली खणखणीत की पहिल्या रांगेत निकेश सरांनी मूठ आवळली. म्हणजे बरोबर. आता शेवटचा शब्द म्हणायचा, की झालं.

आणि नेमका तेव्हाच माझा फोकस गेला. पोरगी सोडून मागच्या पडद्यावर जाऊन बसला. सवयीने तोंडातून निघालं असेल काय ते तेवढं सोडलं, तर सबंध दिवसात मी चकार शब्द काढलेला नाही. आणि ही बया शेवटचा शब्द म्हणायचा सोडून परत पहिल्यापासून सुरू झाली! का, ते देव जाणे. दुसऱ्या खेपेला घाई केली, मधे एक अक्षर गिळलं, शब्द म्हटला, आणि टण्ण. घंटा.

कर्णिकबाईंनी कागदावरून मानसुद्धा वर केली नाही. अहो, जरा बघा तरी पोरीकडे! बारा वर्षांचं पोर तुम्हाला घाबरणार नाही तर काय. मी नाही का घाबरत अजून?

हर्षद पहिला. दुसरी पेणची मनस्वी म्हणून कोणी. किमया उतरून आईजवळ गेली, रडली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घातली. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या खेपेला फोकस मात्र छान मिळालाय.

२० जानेवारी, सोमवार

साहिलला क्लिप पाठवली. तासाभरात त्याचाच फोन. पहिल्यांदाच. "समीक्षा, हे सोनं आहे. पोरगी पडते ना, तीच तुझी फिल्म." मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण फोन ठेवल्यावर उगीच बाबांवर खेकसले.

बाबा म्हणजे सखा फोटोवाला. गुडघे गेलेत, तरी पासपोर्टचे फोटो अजून तेच काढतात. म्हणाले, "माझ्यावर का ओरडतेस? घंटा काय मी वाजवली?"

मंडळाचा माइक खराब, हॉल खराब, परीक्षक दगड. हे सगळं मी फिल्ममध्ये घालणार आहे. कळू दे लोकांना.

२३ जानेवारी, गुरुवार

जोह्याला गेले, किमयाची मुलाखत घ्यायला. ती मूर्तींपुढे शब्द म्हणत उभी नव्हती. कोपऱ्यात बसून मूर्तींचे साचे पुसत होती. निकेश सरांचं शब्दांचं पुस्तक तिने सरांना देऊन टाकलं म्हणे. शाळेत पोरं आता तिला घंटा म्हणतात. ती आली की टण्ण करतात.

कॅमेरा लावून विचारलं, किमया, पुन्हा सुरुवात का केलीस? तिने आईकडे बघितलं. आई पाठमोरी, मूर्तीच्या डोळ्यावर ब्रश. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी घाबरले."

मधेच बाहेरून टेम्पोचा आवाज आला म्हणून म्हटलं, परत सांग गो, जरा सावकाश. तिने परत सांगितलं, सावकाश. "मी. घाबरले."

निकेश सर मला बाहेर रस्त्यापर्यंत सोडायला आले. "मॅडम, काहीतरी चुकतंय. ही घाबरणाऱ्यातली नाही. दोन वर्षं शिकवतोय मी." मला वाटलं, सरांना स्वतःचं अपयश पचत नाही. बिचारे.

२९ जानेवारी, बुधवार

आज अमावस्या, पौष संपला. माझंही काहीतरी संपलं.

दुपारी एडिटला बसले होते. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पर्धेची क्लिप दाखवताना त्यांच्या कानाला हेडफोन लावला, आवाज पूर्ण सोडला. लेफ्टनंट आला. बाबांनी हात वर केला. "थांब. हितं एक बाई बोलली."

"कोण बाई?"

"आता कोण म्हणून काय विचारतेस? तू."

हेडफोन ओढून घेतला. पोरीची शेवटची दोन अक्षरं, मग माझा श्वास, मग हळूच, लाडाने, नवरीला सांगते त्या आवाजात, "परत घे गो."

चौदा वेळा ऐकलं. पंख्याचा आवाज असेल म्हटलं, मागची कोणी बाई असेल म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी दहा दिवस अंगणाला शिव्या घालत होते. पोरीने उत्तर बरोबर दिलं होतं. एक शब्द म्हणायचा राहिला होता. मी तिला मागे वळवलं, आणि ती वळली, कारण अकरा वेळा दारातून आत आणून मीच तिला वळायला शिकवलं होतं.

आणि नंतर कॅमेरा लावून तिच्याकडून वदवून घेतलं की मी घाबरले. तेही दोनदा.

साहिलला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "अर्धा सेकंद आहे. म्यूट कर, वर तानपुरा टाक. कुणाला कळतंय?" बरोबर आहे, कुणालाच नाही. निकाल लागलाय, पोरगी गप्प आहे, फिल्मला हवी ती पडझड मिळालीय. बोट त्या बटणावर होतं माझं. खोटं कशाला लिहू, माझ्याच डायरीत.

बाबा म्हणाले, "आमच्या टायमाला छत्तीसचा रोल होता. कोणाला परत म्हणायची सोय नाय. चुकलं तर आपलं चुकलं, लोकांच्या तोंडावर सांगायचं." मग चहा मागितला. मी आधी रडून घेतलं, मग ठेवला.

३० जानेवारी, गुरुवार

कारखान्यात नुसती धावपळ, परवा गणपती. नम्रता वहिनी एका मोठ्या मूर्तीपुढे, दुसरा डोळा अर्धा झालेला. मी दारातच उभी राहिले. हाक मारली नाही. दुसरा डोळा पूर्ण झाला, तिने श्वास सोडला, ब्रश पाण्यात बुडवला, तेव्हा पुढे झाले आणि सगळं सांगितलं. मोबाइलवर ऐकवलंसुद्धा.

वाटलं होतं ओरडेल. तिने किमयाला बोलावलं. "तुला म्हाईत होतं?"

किमयाने मान हलवली. व्हय.

"मग बोलली का नाय?"

"तूच म्हणाली होती, ताई सांगंल तसं करायचं."

वहिनीचा चेहरा उतरला. ती हाताला लागलेला काळा रंग चोळायला लागली. मी किमयाला विचारलं, मग घाबरले म्हणून का सांगितलंस? ती म्हणाली, "दुसरं काय सांगू? तुझाच कॅमेरा होता."

माफ कर म्हटलं. ते इतकं लहान वाटलं तोंडातून निघताना.

वहिनीच उठली. "हितं रडू नको. रंग ओला हाय. माफी मागून पोरगी अलिबागला जाते काय? जिथं बोललीस तिथं जाऊन सांग, का बोललीस म्हणून. सगळ्यांपुढं." आणि पुढची मूर्ती ओढून घेतली.

जाते म्हटलं. आता कोणाच्या बापाला भीत नाही. कर्णिकबाईंना भीते, पण जाते.

३१ जानेवारी, शुक्रवार

बाईंनी क्लिप तीनदा ऐकली. चष्मा काढला, पुसला, घातला. "पंचवीस वर्षांत मी निकाल बदललेला नाही."

म्हटलं, बदलू नका. हर्षद आणि मनस्वी जाऊ देत. किमयालाही पाठवा. तुमच्याच नियमात आहे, बाहेरून व्यत्यय आला तर मुलाला नवा शब्द.

"तक्रार त्याच दिवशी करावी लागते."

"बाई, तक्रार कोणी करायची? त्या पोरीने? कोणाविरुद्ध? जी तिला गाडीतून फिरवते, वडापाव देते, जिच्या फिल्ममध्ये तिची शाळा दिसणार आहे, तिच्याविरुद्ध? मी तुमच्या वर्गात सातवीत होते. खडू मी फेकला नव्हता. तरी अंगठे धरून उभी राहिले. का नाही बोलले मी? तुम्ही बाई होतात म्हणून."

हे कुठून आलं माहीत नाही. बावीस वर्षं पोटात होतं बहुतेक. बाईंनी चष्मा परत काढून हातात धरला. मग म्हणाल्या, "कोणी फेकला होता?" म्हटलं, आता काय करायचंय. वकील झालाय तो.

त्या म्हणाल्या की मंडळात मांडतील. शब्द देत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

मंडळाने कळवलं. उद्या प्रत्येक पालक मोबाइलवरचा पुरावा घेऊन येईल, म्हणून दोन सभासद विरोधात होते. बाईंनी रेटलं. तीन अटी. शनिवारी त्याच हॉलमध्ये, सगळ्या पालकांपुढे, मी माझी चूक वाचून दाखवायची. किमयाने तिथंच नवा शब्द सोडवायचा, सुटला तर अलिबाग. आणि अलिबागला माझा कॅमेरा हॉलच्या आत येणार नाही.

साहिल म्हणाला, "शेवटच नाही मग! तू फिल्म मारलीस, समीक्षा. एका पोरीसाठी."

व्हय, मारली. माझी होती, मी मारली. तुझ्या मालिकेतल्या सासूसारखं परत जिवंत करायला नको येऊस.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाचलं. कागद हातात होता, पण दुसऱ्या ओळीनंतर कागदाकडे बघितलंच नाही. "किमया म्हात्रे हिचं उत्तर बरोबर होतं. ती घाबरली नव्हती. मी तिला मधे थांबवलं. मला बारा वर्षांत कोणी थांबवलेलं नाही, म्हणून मला वाटायला लागलं की सगळं परत होतं."

मागून कोणीतरी "परतबाई!" ओरडलं. हशा झाला. मी म्हटलं, हो, तीच मी, नीट बघून घ्या. ऋतुजा उठली. वाटलं, आता ही भांडणार, हर्षदला स्पर्धा वाढली म्हणून. ती एवढंच म्हणाली, "पोरीला शब्द द्या ना. किती वेळ उभी ठेवताय?"

बाईंनी शब्द दिला. किमयाने शब्द म्हटला, अक्षरं सांगितली, शब्द म्हटला. घंटा वाजली नाही. निकेश सर एवढ्या जोरात उठले की त्यांची खुर्ची मागच्यांच्या पायावर पडली.

एप्रिलचं एक लग्न हातचं गेलं. मुलीच्या मावशीला म्हणे "असली बाई" नको. मिळेल त्यांना दुसरी. हार हुकला की आठवण काढतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी वडखळच्या नाक्यावर किमया, वहिनी आणि निकेश सरांना गाडीत घेतलं. वहिनीच्या नखांत अजून काळा रंग. किमया वाटभर खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होती, ह्या वेळेला सरळ.

अलिबागला हॉलचं दार बंद झालं आणि मी बाहेर. कॅमेरा तिकाटण्यावर, समोर एक बंद दार. तीन तास. चपला, दोन पोलीस बायका, शेंगदाणेवाला, आणि मी. आतून टाळ्या यायच्या, घंटा यायची, कोणाची ते कळायचं नाही. लग्नात मी नवऱ्याच्या नाकापर्यंत जाते. आज दाराच्या कडीपर्यंतसुद्धा नाही. राग आला, पण जिरवला. म्हटलं, बस इथं, शिक्षा कर पुरी.

दार उघडलं ते एकदम. किमया समोर, मागून उजेड, आणि माझा फोकस अजून कडीवर. पोरीचा नुसता धूसर ठिपका. माझं तोंड उघडलं. अहो, खरंच उघडलं! बारा वर्षांची सवय!

किमयाने बोट वर केलं. "ताई! परत नाय हां."

मिटलं तोंड.

ती पाचवी आली. पुढे पहिले तिघंच जातात. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती तरातरा पुढे आली, डोळे लाल, नाक फुगलेलं, आणि एकेक शब्द दाबून म्हणाली, "ह्या वेळेला माझं मीच चुकले. कोणी नाय चुकवलं." अशी म्हणाली की कोणी बक्षीस घेऊन आलं असतं तर तिने तेही परत केलं असतं.

मागून कर्णिकबाई आल्या, पाहुण्या म्हणून आत बसल्या होत्या. चौथ्या फेरीतलं त्यांनी सांगितलं. किमयाचं उत्तर झालं, माइक मधेच गेला होता, इथले परीक्षक म्हणाले, बाळ, परत एकदा सांग. किमया म्हणाली, "नाय. सांगून झालं. परत नाय सांगणार." परीक्षकांचा चेहरा पडला. मग पहिल्या रांगेतून एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, मी ऐकलंय, बरोबर आहे, नोंद करा.

"कोण बाई?" मी विचारलं.

"आता कोण म्हणून काय विचारतेस," कर्णिकबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

वहिनीने लेकीच्या केसांवरून काळ्या नखांचा हात फिरवला. "चल. भूक लागली असंल." वडखळला मिसळ खाल्ली. किमयाने दोन प्लेटी. निकेश सरांचं पुस्तक तिने मागून घेतलं आणि मिसळीचा रस्सा पहिल्याच पानावर सांडला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

फिल्म पूर्ण. सव्वीस मिनिटं. माझा आवाज ठेवलाय, जसाच्या तसा, वर तानपुरा नाही. मुलाखतीतलं "मी घाबरले" दोन्ही वेळा ठेवलंय, आणि त्याच्यानंतर लगेच माझा तो "परत घे गो". बाबांनी हेडफोन लावून पूर्ण बघितली आणि म्हणाले, "बरी हाय. तू जरा जास्तच दिसतेस." दिसत नाही बाबा, ऐकू येते. "तेच ते."

परवा ती जोह्याच्या कारखान्यात लावणार, भिंतीवर. टण्ण करणाऱ्या सगळ्या पोरांना किमयाने स्वतः आमंत्रण दिलंय.

साहिललाही पाठवली. त्याचा मेसेज आला, "चांगली आहे. खरंच. पण शेवटचा शॉट पूर्ण धूसर आहे. परत का नाही घेतलास?"

मी लिहिलं, "किमया नाही म्हणाली."